शाळा बघायची तर मंगळवारी बघा

सासवडपासून सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव, आणि गावात जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी. माझा थोरला सातवीत, धाकटी चौथीत. दोघांना तिथं घालून अडीच वर्षं झाली. माझं शिवणाचं दुकान आहे. जानेवारी लागला की ब्लाऊज टाकायला आलेली दर तिसरी बाई विचारते, "वहिनी, शाळा कशी आहे हो? खरं सांगा." पुढच्या जूनची चुळबूळ आत्तापासूनच सुरू होते ना. प्रत्येकीला मशीन थांबवून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढं येईलच.

आधीच सांगते, मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. त्या समितीत कायद्यानं पंच्याहत्तर टक्के पालक लागतात आणि निम्म्या बायका लागतात. त्यामुळे गावात जरा बोलकी बाई दिसली की तिला धरून नेतात, तशी मला नेली. म्हणजे मी काही त्रयस्थ नाही. पण समितीत असल्यामुळेच शाळेची उलटी बाजूही दिसते, आणि शिवणाऱ्या बाईला कापड उलटं करून बघायची सवयच असते.

दोघं आधी इंग्रजी शाळेत होते. एकेकाची फी वर्षाला बत्तीस हजार, व्हॅनचे वेगळे. ते पैसे जात होते याचं दुःख नव्हतं. थोरला चौथीत असताना एकदा दुकानात बसला होता. मी कापडावर वाकलेले, त्याला म्हटलं, "टेप धर आणि छाती साडेबत्तीस लिही." तो तसाच उभा. मग हळूच विचारतो, "मम्मी, साडे म्हणजे?" सव्वा, दीड, पावणेदोन काहीच माहीत नाही. बरं, थर्टी टू अँड हाफ तरी टेपवर दाखव म्हटलं, तर तेही दाखवता येईना. वहीत मात्र सगळीकडे लाल पेनानं व्हेरी गुड. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, आता पुरे.

काढायला गेलो तर तिथं व्हॅनच्या बाकीवरून दाखला अडवून ठेवला. हे अनेकांच्या वाट्याला येतं म्हणून सांगते. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा आहे, त्यात स्पष्ट आहे की दाखला मिळाला नाही एवढ्या कारणावरून दुसऱ्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. आमच्या मुख्याध्यापकांनी आधार कार्डावरचं वय बघून दोघांना त्याच दिवशी वर्गात बसवलं, दाखला मागाहून आला. प्रवेशासाठी त्यांनी मागितलेली एकमेव गोष्ट म्हणजे "ताई, पोरांना उद्यापासून एक ताट आणि एक वाटी द्या."

आता शाळा बघायला कधी जायचं ते. लोक गॅदरिंगला जातात, स्टेजवर पोरं नाचताना बघतात आणि मत करतात. किंवा साहेब तपासणीला येणार असतात त्या दिवशी जातात. त्या दिवशी भिंतीवरचे पाढे नुकतेच रंगवलेले असतात, फळ्यावर चार रंगांत सुविचार असतो आणि पोरांना "कसे आहात?" विचारलं की सगळी एका सुरात "मजेत!" म्हणतात. त्यातून काही कळत नाही. सोमवारी निम्मी पोरं पाहुण्यांकडून आलेली नसतात, शनिवारी सकाळची शाळा आणि दप्तराला सुट्टी. मंगळवारी जा. साडेअकराच्या सुमाराला. मी गेले होते, धाकटीला घातल्यावर दुसऱ्या महिन्यात, कारण ती रोज रात्री गणितावरून रडायची.

तेव्हा ती दुसरीत होती. पहिली-दुसरी एकाच खोलीत बसते, बाई एक. पहिलीची पोरं मागं चिंचोके मोजत होती आणि पुढं दुसरीचं गणित चाललं होतं. बाईंनी म्हटलं, "लिहा, एकोणसाठ." धाकटीनं लिहिलं ६९. तिचं बरोबरच होतं तिच्या डोक्यानं. साठ ऐकू आलं म्हणजे सहा, आणि एकोण म्हणजे नऊ. बाईंनी चूक म्हटलं नाही. टेबलाखालून आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे काढले, रबर लावलेले. सहा गठ्ठे तिच्यापुढं ठेवले. "किती?" साठ. "आता साठला एक उणा कर." आता साठातनं एक काडी काढायची तर एक गठ्ठा सोडावा लागतो. तिनं रबर सोडलं, एक काडी बाजूला ठेवली, उरलेल्या मोजल्या. पाच गठ्ठे आणि नऊ सुट्ट्या. मग स्वतःच खोडरबर घेतलं. या सगळ्याला चारेक मिनिटं लागली. बाकीचा वर्ग तोवर कुजबुजत होता, एकानं दुसऱ्याच्या केसात काडी खोचली, तेही बाईंनी बघितलं आणि सोडून दिलं.

नंतर बाई मला म्हणाल्या, मराठी आकड्यांचा हा घोळ सगळ्याच पोरांना होतो, आपण त्रेसष्ट म्हणताना तीन आधी म्हणतो आणि लिहिताना सहा आधी लिहितो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं आलं तेव्हा टीव्हीवर किती थट्टा झाली आठवतंय ना? मीही हसले होते. बाई दोन्ही वापरतात. आधी 'साठ तीन' म्हणून गठ्ठे मांडायचे, मग त्रेसष्ट म्हणायचं. धाकटीचं रडणं दिवाळीपर्यंत थांबलं. आता माझ्या दुकानात ती पावणेपंधरा इंच बाही बरोबर मोजते आणि मी घाईत चुकले तर मलाच सुनावते.

खिचडीबद्दल सगळ्यांना शंका असते. पाचवीपर्यंत माणशी शंभर ग्रॅम तांदूळ आणि सहावीपासून दीडशे असा हिशेब असतो. वाढण्याआधी कुणीतरी मोठ्या माणसानं खाऊन बघायचं आणि चवीच्या रजिस्टरला सही करायची. समितीच्या बायकांच्या पाळ्या आहेत. माझी पाळी असते त्या दिवशी मी दुपारचा डबा करत नाही, एवढ्यावरून काय ते समजा. मटकीची उसळ चांगली असते, वाटाण्याची आमटी पातळ असते, आणि मीठ दर वेळी दुसऱ्या वाढपाला घालावं लागतं. २०२३ च्या नोव्हेंबरपासून आठवड्यातून एकदा अंडं मिळायचं, न खाणाऱ्यांना केळं. २०२५ च्या जानेवारीत त्याचा सरकारी निधी थांबला आणि अंडं गेलं. पोरं अजून विचारतात. शाळेमागं परसबाग आहे, त्यातली मेथी आणि शेवग्याच्या शेंगा आमटीत पडतात. सीताफळाची चार झाडं आहेत. त्यांची फळं मात्र पिकेपर्यंत कधीच टिकत नाहीत, आणि त्यात माझा थोरला आघाडीवर असतो हे मला माहीत आहे.

गणवेशावर मी जास्त बोलणार, तेवढं सहन करा. २०२४-२५ ला गणवेश शाळेनं घ्यायचा नाही, वरूनच शिवून येणार, असं ठरलं होतं. आला तो उशिरा, आणि आला तो असा की एकाच मापाची विजार सातवीच्या पोराला आखूड आणि दुसरीच्याला पायघोळ. धाकटीचा फ्रॉक मी घरी उलटा करून बघितला. बाजूला माया, म्हणजे पुढं उसवून वाढवायला शिलाईच्या आत सोडतात ते जादा कापड, पाव इंच. वाढत्या अंगाच्या पोरीच्या फ्रॉकला पाव इंच माया! खाली घेर दुमडायलाही कापड नाही, नुसती ओव्हरलॉक मारलेली. आठव्या दिवशी काखेत उसवला. त्या महिन्यात मी गावातले एकतीस गणवेश दुरुस्त केले. पैसे घ्यावेसे वाटेनात आणि न घ्यावेत तर दोरा फुकट येत नाही, शेवटी दहा-दहा रुपये घेतले.

पुढच्या वर्षी काम परत शाळा समितीकडं आलं तेव्हा बैठकीत सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नाही म्हटलं. समितीत बसून आपणच शिवायचं आणि आपणच बिल मंजूर करायचं, ते बरं दिसत नाही. दुसऱ्या गावच्या टेलरला दिलं. पण अट मी घातली. बाजूला एक इंच माया, खाली दोन बोटं दुमड, आणि मापं प्रत्यक्ष पोरांची घ्यायची, इयत्तेवरून अंदाजे नाही. टेलरनं तोंड वाकडं केलं, कापड जास्त लागतं म्हणाला. लागू दे. ते गणवेश अजून धड आहेत.

पुस्तकांचंही असंच झालं होतं. पोरं या शाळेत आली त्याच वर्षी, २०२३ ला, दुसरीपासून आठवीपर्यंतची पुस्तकं चार भागांत आली आणि मध्ये लिहायला कोरी पानं. दप्तर हलकं झालं म्हणून मी खूश होते. प्रत्यक्षात पोरांनी कोऱ्या पानांवर चित्रं काढली आणि बाईंनी वह्या घ्यायला लावल्याच. दोन वर्षांत ती पानं गेली. पुस्तकं फुकट मिळतात, तेवढं मात्र खरं, पहिल्याच दिवशी हातात.

पाचवा तारा कशावर कापला ते आता सांगते. सहावी-सातवीला विज्ञान-गणिताचे सर बदली होऊन गेले आणि सात महिने ती जागा रिकामी होती. सात महिने! थोरल्याचं त्या वर्षी भूमितीचं जे राहिलं ते राहिलंच. जे शिक्षक आहेत त्यांच्या मागं सतत काहीतरी ऑनलाइन भरायचं असतं. निवडणूक आली की मतदार याद्या, नाहीतर कसलं तरी सर्वेक्षण. एकदा मी गेले तर गुरुजी वर्गात उभे राहून खिचडीच्या ताटांचे फोटो मोबाईलवर चढवत होते, रेंज येईना म्हणून खिडकीतून हात बाहेर काढून. चाळीस पोरं शांत बसून त्यांच्या हाताकडं बघत होती. यात गुरुजींचा दोष किती, ते तुम्हीच ठरवा.

मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नव्हती. दोन वर्षं समितीच्या वहीत 'कडी बसवणे' लिहिलेलं होतं, सह्या होत्या, कडी नव्हती. शेवटी एका मुलीचा बाप, वेल्डिंगचं काम करतो, तो एका रविवारी येऊन वीस मिनिटांत बसवून गेला. संगणकाच्या खोलीत सहा संगणक आहेत, त्यातले दोन चालतात आणि सगळ्यांवर कव्हर आहे. इंग्रजी पहिलीपासून आहे, राज्यात ते २००० सालीच सुरू झालं. माझी पोरं वाचतात बऱ्यापैकी, बोलायला लाजतात. ज्यांना फाडफाड बोलणारं पोर हवंय त्यांनी घरी कष्ट घ्यायची तयारी ठेवावी, शाळा ते करून देणार नाही.

आणि व्हॉट्सॲप ग्रुप. तो जर वेगळा मोजला तर मी त्याला दोनच तारे देईन. कार्यक्रम महिनाभर आधी ठरलेला असतो, शिक्षकांच्या वहीत लिहिलेला असतो, आणि आपल्याला मेसेज येतो आदल्या रात्री पावणेदहाला. "उद्या तिसरी-चौथीच्या मुलांनी फळांच्या वेशात यावे." त्यानंतर दहा मिनिटांत माझं दार वाजतं. पोर झोपेत पेंगतंय, आई म्हणते, "काकू, ह्याला अंजीर करा." पुरंदरचं अंजीर नावाजलेलं म्हणून मास्तरांना अंजीर हवं! जांभळं अस्तर होतं शिल्लक, त्याचं पोतं शिवलं, कडेला इलॅस्टिक घातलं, आत वर्तमानपत्र भरलं. सकाळी पोर वांग्यासारखं दिसत होतं. त्याला दुसरा नंबर मिळाला. पण माझं म्हणणं बाईंना मी तोंडावर सांगितलंय, महिन्याचं पत्रक महिन्याच्या एक तारखेला टाका. डिसेंबरपासून टाकायला लागल्यात. यंदा एकदाच उशीर झाला.

आनंद बाजारचं सांगितलं नाही तर हे अर्धंच राहील. डिसेंबरात असतो. पोरं वस्तू करून आणतात, मैदानात गोणपाट टाकून विकतात, गाव विकत घ्यायला येतं. भेळ, ओल्या हरभऱ्याच्या गड्ड्या, लिंबू सरबत. धाकटीनं माझ्या कातरणाची केसाला लावायची कापडी रबरं विकली. तीस केली होती, दहा रुपयाला एक. संध्याकाळी दोनशे दहा रुपये घेऊन आली, हवेत उडत. बाकीच्या नवांचं काय? सहा उधारीवर गेली होती आणि तीन तिनं मैत्रिणींना नुसतीच देऊन टाकली. एवढंच असतं तर मी विसरून गेले असते.

दुसऱ्या दिवशी चौथीच्या बाईंनी फळ्यावर नफा-तोटा मांडला. प्रत्येकानं आपापला हिशेब द्यायचा. धाकटीनं सांगितलं, इलॅस्टिक चाळीस रुपयांचं, कापड फुकट, आले दोनशे दहा, नफा एकशे सत्तर. बाईंनी विचारलं, "शिवली कुणी?" मम्मीनं. "मम्मीच्या मजुरीचे किती धरलेस?" वर्गात सगळे गप्प. भेळवाल्याच्या आईनं पहाटे उठून बटाटे उकडले होते, हरभरेवाल्याचा आजा शेतातून गड्ड्या घेऊन आला होता. कुणीच धरले नव्हते. बाईंनी म्हटलं, घरी विचारून या.

ती घरी आली, दप्तर टाकलं आणि माझ्या मशीनजवळ उभी राहून म्हणाली, "मम्मी, तुझी एका तासाची मजुरी किती?" मी चौदा वर्षं शिवतेय. ब्लाऊजची शिलाई मला माहीत आहे, फॉल-पिकोचे दर माहीत आहेत. तासाचं कधी काढलंच नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघींनी बसून काढलं. आकडा इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई तीस रुपयांनी वाढवली. ज्यांना वाढ का झाली असा प्रश्न पडला होता, त्यांना आता उत्तर मिळालं असेल.

चौथीला इतिहास म्हणजे शिवाजी महाराज, आणि आमच्या मैदानातून पुरंदर दिसतो. मुरारबाजीचा धडा बाईंनी वर्गात घेतलाच नाही. पोरांना बाहेर किल्ल्याकडं तोंड करून बसवलं. बालेकिल्ल्याशेजारचा तो दुसरा डोंगर वज्रगड, दिलेरखानानं आधी तो घेतला, तिथून तोफा डागल्या, असं हातानं दाखवत सांगितलं. १६६५ चा तह, तेवीस किल्ले दिले आणि बारा राखले. धाकटी त्या दिवशी घरी येऊन जेवता जेवता बापाला म्हणते, "पप्पा, मग वज्रगडावर जास्त माणसं का नाही ठेवली?" नवरा माझ्याकडं बघतो, मी ताटाकडं. दुसऱ्या दिवशी तिनं हेच बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, मलाही हा प्रश्न पडतो. आधीच्या शाळेत असं उत्तर कुठल्या टीचरनं दिलं नसतं.

आता पुढं काय काय आहे ते सांगते, म्हणजे बघायला यायचं त्यांना बेत करता येईल. सावित्रीबाईंची जयंती तीन तारखेला झाली. महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव खानवडी आमच्याच तालुक्यात, त्यामुळे तो दिवस इथं जोरात असतो, यंदा सात मुली काठाची लुगडी नेसून आल्या होत्या आणि सातही मी नेसवली. संक्रांतीनंतर माता-पालकांचं हळदीकुंकू. वाण म्हणून गेल्या वर्षी प्लॅस्टिकचे डबे दिले, यंदा प्रत्येकीनं वाचनालयाला एक गोष्टीचं पुस्तक द्यायचं असं ठरवलंय. ठरवताना दोघी रुसल्या, त्या येतील की नाही ते बघू. सव्वीस जानेवारीला प्रभातफेरी सात वाजता, झेंडावंदन आणि लेझीम. लेझीम आवर्जून बघा, सातवीच्या मुली घालतात आणि पोरं हलगी वाजवतात.

गॅदरिंग फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. तिथं फार अपेक्षा ठेवू नका. स्पीकर किंचाळतो, भाषणं लांबतात, पहिलीची पोरं स्टेजवर आईला शोधून रडतात. मावळ्यांचे बारा अंगरखे माझ्याकडं आलेत, त्यातल्या चार जणांची मापं अजून मिळाली नाहीत. हे वाचत असाल तर पाठवा. सत्तावीस फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच अठ्ठावीसला विज्ञान दिन. विज्ञान दिनाला पोरं स्वतः केलेल्या वस्तू मांडतात, थोरला गेल्या वर्षी जुन्या मशीनच्या पायट्याची वीज बनवणार होता. वीज झाली नाही, माझा पट्टा तुटला.

सहल मार्चच्या आत. एसटी शाळेच्या सहलीला निम्म्या भाड्यात गाडी देते म्हणून परवडतं. ठिकाण अजून ठरलेलं नाही, पोरांना समुद्र हवाय आणि गुरुजींना रायगड. उन्हाळ्याच्या तोंडावर शिष्यवृत्तीची परीक्षा. २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला नेली होती, आता परत चौथी-सातवीकडं आली, म्हणजे माझी दोन्ही एकाच वर्षी बसणार. सकाळी साडेनऊला जादा तास असतो, फुकट, आणि तो घेणारे गुरुजी एकही दिवस चुकलेले नाहीत, हे मी सही करून देईन. मी स्वतः चौथीला बसले होते तेव्हा बुद्धिमत्तेच्या पेपरात आरशातली घड्याळं बघून रडले होते. धाकटी ती घड्याळं दुकानातल्या आरशासमोर उभी राहून सोडवते.

एक मेला निकाल आणि सातवीचा निरोप. थोरला आठवीला सासवडला जाणार. निरोपाला सातवीची पोरं शाळेला काहीतरी देऊन जातात, कुणी भिंतीवरचं घड्याळ, कुणी पंखा. यांच्या वर्गानं पैसे जमवून काय घ्यायचं यावर महिनाभर भांडण चाललंय. परवा कळलं की मुलींनी मत टाकून जिंकलं. स्वच्छतागृहात आरसा आणि बादल्या.

ज्यांना प्रवेशाचं बघायचंय त्यांनी जून उजाडायची वाट बघू नका. उद्या मंगळवार आहे. मुख्याध्यापकांना आधी फोन करायची गरज नाही, कुणी अडवत नाही. चपला पायरीवर काढा, चौथीच्या वर्गात डावीकडच्या खिडकीपाशी पालकांसाठी एक बाक असतो, त्याचा एक पाय लंगडा आहे, भिंतीच्या बाजूला बसा. मध्ये बोलू नका. दुपारी जेवायला थांबणार असाल तर ताट घरून आणा.